पिल्लाला खेळायला काय द्यावे?

कुत्रा हा इमानी प्राणी आहे असे आपण सर्वजण निबंधात लिहितो. पण त्याचे पिल्लू चप्पल, केरसुणी, गोधडी आणि दप्तराचा पट्टासुद्धा का चावते ते कोणी लिहीत नाही. म्हणून मी हा लेख लिहिला आहे. आमच्या घरी वाघ्या नावाचे पिल्लू आहे. गुरांचे डॉक्टर म्हशीला बघायला आले तेव्हा मी त्यांना पुष्कळ विचारून घेतले. काही गोष्टी आजीने सांगितल्या.

पिल्लाला सुमारे तीन आठवड्यांनी दुधाचे दात यायला लागतात. ते २८ असतात. आपले दुधाचे दात २० असतात, म्हणजे पिल्लाचे ८ जास्त. चौथ्या महिन्याच्या सुमाराला ते पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत नवीन ४२ दात येतात. आपले दात सहा-सात वर्षांचे झाल्यावर पडायला लागतात आणि चौथीतल्या काही जणांचे अजून पडतच आहेत. पिल्लाचे सगळे काम तीन-चार महिन्यांत उरकते. मग हिरड्या ठणकणार नाहीत तर काय? तेव्हा त्याला काहीतरी चावायला लागतेच. वाघ्याचा एक दात मला अंगणात सापडला. तो तांदळाएवढा होता.

शिवाय पिल्लू तोंडानेच सगळे ओळखते. आजी म्हणते, "अगं, त्याला हात कुठं हाईत? ते तोंडानंच बघतंय." म्हणून नुसती काठी दाखवून उपयोग नाही. चावायला चांगली वस्तू आपणच द्यायची, म्हणजे ते वाईट वस्तू शोधत बसत नाही.

पुष्कळ लोक पिल्लाला जुनी चप्पल देतात. पण पिल्लाला जुनी-नवी कळत नाही! आज जुनी दिली की उद्या ते पाहुण्यांची नवी नेणार, आणि मग मार कोणाला, तर पिल्लाला. चपलेत खिळे पण असतात. गोटी, चिंचोका, बटण, आंब्याची कोय आणि दाणे काढलेले मक्याचे कणीस हे देऊ नये. ते गिळले तर घशात नाहीतर आतड्यात अडकते. शिजवलेले हाड तर मुळीच देऊ नये. शिजवलेल्या हाडाच्या टोकदार काड्या होतात आणि त्या आत टोचतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत डोके अडकले तर श्वास कोंडतो.

सर्वात वाईट म्हणजे सुतळी आणि पतंगाचा दोरा. डॉक्टरांनी सांगितले की दोऱ्याचे एक टोक आत अडकते, आणि नाडी ओढल्यावर लेंगा जसा चुण्या पडून गोळा होतो तसे आतडे गोळा होते. आमच्या वाडीत एक पिल्लू असेच मेले. सगळे म्हणाले नजर लागली. पण त्याच्या तोंडातून सुतळी लोंबत होती ती मी पाहिली होती. असा दोरा दिसला तर आपण ओढायचा नाही, ओढला तर आतडे कापते. लगेच पिल्लाला गुरांच्या दवाखान्यात न्यायचे.

मग द्यावे तरी काय? त्याची परीक्षा सोपी आहे. वस्तूवर अंगठ्याचे नख दाबून बघावे. नख थोडेसे रुतले तर ती चालेल. दगड, विटी, शिंग यांत नख रुतत नाही, त्यांनी दात मोडतो. दुसरे, ती वस्तू पिल्लाच्या तोंडात सगळी मावता कामा नये. पिल्लू वाढते हे लक्षात ठेवावे. वाघ्याचा रबरी चेंडू दिवाळीत बरोबर होता, तो संक्रांतीला लहान झाला. आता तो माझा भाऊ वापरतो.

सगळ्यात चांगले खेळणे फुकट होते. आजीच्या जुन्या सुती लुगड्याच्या तीन रुंद पट्ट्या फाडायच्या, त्यांची घट्ट वेणी घालायची आणि दोन्ही टोकांना मोठी गाठ मारायची. ही वेणी माठाजवळ गार पाण्यात भिजवून पिळून दिली की हिरड्यांना बरे वाटते. वेणीशी ओढाओढी खेळता येते, पण दात पडायच्या दिवसांत जोरात हिसका द्यायचा नाही. धागे सुटायला लागले की ती टाकून नवी करायची. कुत्र्याला लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही, पिवळा आणि निळा चांगला दिसतो. हिरव्या गवतात लाल चेंडू टाकला तर त्याला तो पटकन दिसत नाही, मग ते वास घेत फिरते आणि आपण उगीच त्याला वेडे म्हणतो.

नाकाचा खेळ तर वाघ्याला लई आवडतो. तीन जुन्या जर्मनच्या वाट्या पालथ्या घालून एकीखाली भाकरीचा तुकडा ठेवायचा. (वाट्या आईला विचारून घ्याव्या.) तो हुंगत हुंगत बरोबर तीच वाटी उलटवतो.

आपला हात मात्र खेळणे नाही. लहान मुले पिल्लाच्या तोंडात बोटे घालतात आणि मोठी माणसे हसतात. रेबीज म्हणजे पिसाळण्याचा रोग पिल्लापासूनही होऊ शकतो, आणि पिल्लाला त्याची लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर देतात. दात किंवा नख लागून कातडी खरचटली तरी लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावे. चटणी, चुना, हळद काही लावू नये. घरी सांगावे आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. मार बसेल म्हणून लपवून ठेवू नये. पालकांनीही मारू नये, नाहीतर मुले सांगणार नाहीत.

वाघ्यासाठी तीन वेण्या केल्या आहेत. दोन बाहेर ठेवते आणि एक लपवते. चार दिवसांनी ती काढली की त्याला नवीनच वाटते. लुगड्याच्या पट्ट्या उरल्या आहेत. ज्यांच्याकडे पिल्लू आहे त्यांनी मधल्या सुट्टीत माझ्याकडे मागाव्या. पिवळ्या संपल्या, निळ्या आहेत.