एका वाळवंटी सरड्याची दोन नावे

जैसलमेरपलीकडचे लोंगेवाला १९७१च्या लढाईमुळे सर्वांना ठाऊक आहे. प्राणिशास्त्रात मात्र ते एका सरड्याच्या नावात आहे. हा प्राणी मुठीत मावेल एवढा, रंगाने वाळूसारखा, तोंडाने आखूड नि पसरट. धोका दिसताच अंग दोन्ही बाजूंना हलवीत तो सैल वाळूत बुडतो.

भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे आर. सी. शर्मा यांनी १९७८ मध्ये त्याचे वर्णन केले आणि त्याला 'फ्रायनोसेफॅलस' या प्रजातीत घातले. (मराठीत जीनस म्हणजे प्रजाती व स्पीशीज म्हणजे जाती. हिंदीत 'प्रजाति' म्हणजे स्पीशीज, हे आपल्या इंदूर-ग्वाल्हेरच्या विद्यार्थ्यांना आधीच सांगावे. नाहीतर पुढचे सारे उलटे वाचले जाईल.) १९९२ मध्ये लंडनचे निकोलस अर्नोल्ड यांनी दाखवले की, फ्रायनोसेफॅलसच्या जातींत सामाईक असलेली कित्येक लक्षणे या सरड्यात नाहीत. त्यांनी त्याच्यासाठी 'बुफोनिसेप्स' ही नवी प्रजाती केली. तिच्यात ही एकच जाती आहे. वाळूच्या टेकड्यांवर लागवड होऊन वाळू बांधली गेली, की तिचा आसरा जातो. आणि ही जाती नाहीशी झाली तर तिच्याबरोबर अख्खी प्रजातीच जाईल.

परिभाषेची अडचण इथे येते. 'फ्रायनोसेफॅलस' ग्रीक आहे, 'बुफोनिसेप्स' लॅटिन. अर्थ दोन्हींचा एकच: भेकाचे डोके असलेला. शास्त्रीय नावांचे मराठीकरण करावे असा आग्रह अनेकदा धरला जातो. तो इथे पाळला, तर दोन्ही प्रजाती 'भेकशीर्ष' होतील आणि अर्नोल्ड यांनी केलेली फारकत भाषांतरात पुसली जाईल. 'भेकमुखी सरडा' हे बोलण्यातले नाव म्हणून मला पसंत आहे. शास्त्रीय नाव मात्र जसेच्या तसे देवनागरीत लिहावे: बुफोनिसेप्स लौंगवालाएन्सिस (शर्मा, १९७८). यातला कंसही सोडू नये. वर्णनकर्त्याने जातीला ज्या प्रजातीत ठेवले होते, तिथून ती आता हलली आहे, एवढे तो कंस सांगतो. कंस नसता, तर शर्मांनी तिला मुळातच बुफोनिसेप्समध्ये ठेवले असा अर्थ झाला असता.

उलट दिशेचे उदाहरण आपल्या घरचे आहे. 'सिताना' या प्रजातीतल्या दख्खनच्या सरड्यांचा अभ्यास करून व्ही. दीपक, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये त्यांतल्या काहींची वेगळी प्रजाती केली. तिचे नाव त्यांनी आपल्या बोलीतूनच उचलले: सरडा. अभिमान वाटावा असेच हे आहे. पण रोमन लिपीत मोठ्या आद्याक्षराने आणि तिरप्या ठशाने जो भेद दिसतो, तो देवनागरीत दिसत नाही. कुंपणावरचा सरडा आणि 'सरडा' प्रजाती यांत गोंधळ नको, म्हणून पाठ्यपुस्तकात प्रजातीचे नाव निदान अवतरणचिन्हांत तरी छापावे.