पडदा शिवावा की विकत घ्यावा?

खिडकी रस्त्याकडे आहे. येणारे-जाणारे आत डोकावतात. घरात सून बाळंतीण आहे. पडदा तर हवाच. मग शिवावा, की तयार आणावा? आधी हिशेब करू.

पहिल्याने खिडकी मोजा. समजा, ती १ मीटर रुंद व १ मीटर उंच आहे. पडद्याला चुण्या पडाव्यात म्हणून कापड रुंदीच्या दुप्पट धरावे. कापडाचा पन्हा १ मीटर असला, तर दोन तुकडे लागतील. वरखाली दुमडायला २० सेंटिमीटर धरा. म्हणजे एक तुकडा १२० सेंटिमीटरचा. दोन तुकड्यांना २४० सेंटिमीटर. सुती कापड धुतल्यावर आटते. म्हणून अडीच मीटर घ्या आणि बेतण्याआधी भिजवून वाळवा.

आता बाजारात भाव विचारा. समजा, कापड मीटरला ८० रुपये. अडीच मीटरचे झाले २०० रुपये. शिंप्याची शिलाई ८० रुपये. एकूण २८० रुपये. तेवढीच तयार जोडी २५० रुपयांना मिळते. मग शिंप्याकडे कशाला जायचे? तयार जोडी घ्यावी. मात्र तिची लांबी मोजून घ्या.

पण घरी कोणाला शिवता येत असेल तर? शिलाई वाचली. दोऱ्याचे १० रुपये धरून २१० रुपयांत काम झाले. पेटीत जुने धड सुती लुगडे असेल, तर फक्त दोऱ्याचा खर्च!

एक ध्यानात ठेवा. चुलीजवळच्या खिडकीला पडदा लावू नका. तो पेट घेईल.

पैसा आपला, तर हिशेबही आपणच करावा. आज आपल्या खिडकीचा हिशेब पाटीवर मांडा.