नावाचे मरण

मुलांनो, कोणी नाव विचारले तर तुम्ही चटकन सांगता. पण उद्या कोणी म्हणाले, 'हे नाव टाकून दे, तरच तुला काम मिळेल,' तर काय कराल?

दक्षिण आफ्रिकेत १९४८ साली निवडून आलेल्या गोऱ्यांच्या सरकारने वर्णभेदाचे कडक कायदे केले. काळ्या माणसाला आपल्याच देशात सतत पासबुक जवळ बाळगावे लागे. बँकेचे पासबुक नव्हे! फोटो, क्रमांक आणि सरकारी शिक्के असलेली ती वही होती. योग्य शिक्का नसेल तर शहरात राहता येत नसे. याच देशात १९०८ साली जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीजवळ गांधीजी व त्यांच्या साथीदारांनी असेच परवाने जाळले होते. काळ्यांवरील पासचा जुलूम मात्र १९८६ पर्यंत चालला.

अॅथॉल फ्यूगार्ड (१९३२–२०२५) हे तेथील गोरे नाटककार. लहानपणी पोर्ट एलिझाबेथ शहरात त्यांच्या आईकडे सॅम नावाचा काळा वेटर होता. तो अॅथॉलचा जिवलग मित्र होता. एकदा भांडण झाले आणि सायकलवरून जाताना हा मुलगा त्याच्या तोंडावर थुंकला. ती शरम त्यांच्या मनातून कधी गेली नाही. पुढे १९८२ साली त्यांनी त्यावरच नाटक रंगभूमीवर आणले. दुसऱ्याचा दोष कोणीही दाखवतो; स्वतःचा दाखवायला हिंमत लागते.

१९५८ साली ते जोहान्सबर्गच्या एका कोर्टात कारकून होते. तेथे पासबुकाचे खटले चालत. थोड्याच मिनिटांत निकाल लागे आणि माणूस तुरुंगात जाई. हे पाहिल्यावर ते गप्प कसे बसणार? १९६१ साली ते झेक्स मोकाए या काळ्या नटाचा भाऊ होऊन रंगमंचावर उभे राहिले. १९६७ साली सरकारने त्यांचा पासपोर्ट काढून घेतला. तो १९७१ साली परत मिळाला.

पुढच्याच वर्षी 'सिझ्वे बान्सी मेला आहे' हे नाटक आले. जॉन कानी व विन्स्टन न्शोना या काळ्या नटांबरोबर त्यांनी ते रचले. म्हणूनच लेखक म्हणून तिघांचीही नावे छापली जातात.

गरीब सिझ्वे कामासाठी शहरात येतो. पण त्याच्या पासबुकात परत जाण्याचा हुकूम आहे. एका रात्री त्याला व त्याचा मित्र बुंटू याला रस्त्यात एक प्रेत दिसते. मेलेल्या माणसाचे नाव रॉबर्ट. त्याच्या पासबुकात कामाचा परवाना आहे! बुंटू फोटोंची अदलाबदल करतो. आता सिझ्वे कागदावर मेला, रॉबर्ट जिवंत झाला. सिझ्वे घाबरतो. माझी बायको कोणाची बायको? माझी चार मुले कोणाचे नाव लावतील? बुंटूला वाटते, आधी त्यांच्या पोटात अन्न तर जाऊ दे.

शेवटी सिझ्वे नवा सूट घालून फोटोच्या दुकानात उभा राहतो. विचारल्यावर अडखळत नाव सांगतो, रॉबर्ट. मग कॅमेऱ्याकडे पाहून हसतो. तो फोटो त्याला बायकोला पाठवायचा आहे.