शिव्या ऐकणाऱ्यांसाठी भिक्षुगीता



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय २३, म्हणजेच भिक्षुगीता. याच स्कंधावर नाथमहाराजांनी 'एकनाथी भागवत' लिहिलं आणि काशीत पूर्ण केलं.

गोष्ट थोडक्यात सांगतो. अवंती देशात एक श्रीमंत पण अतिशय कंजूष ब्राह्मण होता. पैसा गेला, माणसं तुटली, तेव्हा त्याला वैराग्य आलं आणि तो भिक्षू झाला. मग लोक त्याच्या मागे लागले. कोणी दंड ओढला, कोणी कमंडलू पळवला, कोणी डोक्यावर थुंकलं, कोणी दोरीने बांधलं. तो मात्र शांतपणे विचार करत राहिला.

आपल्या आयटीवाल्यांच्या भाषेत, त्याने रूट कॉज अ‍ॅनालिसिस केलं. माझ्या दुःखाचं कारण कोण? माणसं, देवता, आत्मा, ग्रह, कर्म की काळ? एकेक तपासून त्याने सहाही वगळले. शेवटी उरलं मन. तो म्हणतो, आपल्याच दातांनी आपली जीभ चावली गेली तर रागवायचं कोणावर?

हा अध्याय मी माझ्या मावसबहिणीसाठी पुन्हा वाचला. ताई एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद जमवणं, बेवारस रुग्णाचं घर शोधणं, पैसे नसलेल्यांसाठी ट्रस्टना फोन करणं हे तिचं रोजचं काम. रेशनकार्ड गावाला राहिलेलं असतं, आत पेशंट गंभीर असतो आणि समोर सापडते ती ताई. मग शिव्या, धमक्या सुरू होतात. एकदा एका नातेवाइकाने खुर्ची उगारली. तिने लेखी तक्रार दिली. त्यावर ओळखीचे लोक म्हणाले, "एवढी भक्ती करतेस, क्षमा करायची ना!" ताईने मला विचारलं, "तक्रार केली म्हणजे माझी साधना कच्ची का रे?"

मला वाटतं, नाही. भिक्षू मनाला कारण म्हणतो, तेव्हा तो छळणाऱ्याला निर्दोष ठरवत नाही. तो फक्त स्वतःपुरतं बघतोय. शिवी दुपारी दोन वाजता संपली, पण रात्री अकरापर्यंत ती पुन्हा पुन्हा कोण वाजवतंय? ते आपलं मन. तेवढं आपल्या हातात आहे. खुर्ची उगारणं ही मात्र बाहेरची गोष्ट, तिला बाहेरचाच उपाय हवा. शिवाय भिक्षू एकटा होता, त्याच्यावर कोणी अवलंबून नव्हतं. ताईच्या टेबलासमोर पुढचे दहा जण उभे असतात. ती जखमी झाली किंवा नोकरी सोडून गेली, तर त्यांचं कोण करणार?

गीतेच्या बाराव्या अध्यायात भगवंत भक्ताची लक्षणं सांगताना सुरुवातच द्वेष नसण्यापासून करतात. आणि हे कोणाला सांगतात? रणांगणावर उभ्या असलेल्या अर्जुनाला! द्वेष सोडायचा आहे, कर्तव्य नाही. सरकारी नोकराला कामापासून रोखण्यासाठी हल्ला करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली गुन्हा आहे. त्या कायद्याचा आधार घेताना मनात सूड नसेल, तर भक्ती कुठेही कमी होत नाही.

ज्यांना रोज असं ऐकावं लागतं, त्यांच्यासाठी ताईकडूनच शिकलेल्या चार गोष्टी :

१. खुर्ची दाराजवळ ठेवा. गृहभेटीला एकटे जाऊ नका.
२. आवाज खाली ठेवून एकदाच सांगा, "तुमचं काम मी करणार आहे, पण शिवीगाळ झाली तर मी उठेन." आणि खरंच उठा.
३. घडलेलं त्याच दिवशी लिहून वरिष्ठांना द्या. सहकाऱ्याशी बोला. मनात दाबून ठेवलेलं म्हणजे क्षमा नव्हे.
४. पुढच्या माणसाला आत बोलावण्याआधी एक मिनिट नाम घ्या. आधीच्याचा राग पुढच्याच्या वाट्याला जाऊ नये.

ताईने तक्रार मागे घेतली नाही. त्या माणसाच्या वडिलांची फाईल मात्र तिने दुसऱ्या दिवशी स्वतः पूर्ण केली. मला तरी भिक्षुगीतेचा अर्थ तिथेच कळला.

आजचा अभ्यास : आज कोणी टाकून बोललं, तर झोपण्याआधी स्वतःला विचारा, ते शब्द आता कोण बोलतंय?

जय जय राम कृष्ण हरी!