हे डोहाळे नव्हेत

प्रश्न : बंगळुरूत राहते, पाचवा महिना आहे. वजनाच्या धास्तीने जेवण टाळते. मग रात्री भरमसाट खाऊन मुद्दाम उलटी काढते. सासूबाई म्हणतात, डोहाळे आहेत.

उत्तर : नाहीत. हा मनाचा आजार आहे आणि तो बरा होतो, म्हणून आधी स्वतःला दोष देणं थांबवा. वारंवार उलटी काढल्याने रक्तातलं पोटॅशियम घटतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बाळंतपणानंतर नैराश्याचा धोकाही वाढतो. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना हे जसंच्या तसं सांगा. वजन करताना आकडा मला सांगू नका, असंही सांगता येतं. होसूर रोडवरच्या निम्हान्समध्ये गर्भवती व बाळंतिणींसाठी खास मानसोपचार सेवा आहे. तिथे जाईपर्यंत ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. चक्कर, धडधड जाणवली किंवा जीव नकोसा वाटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.