फसलेला प्लॉट मोडण्यापूर्वी कारण शोधा

नांदेड-लातूर भागात अनेकजण तुरीचा नवा वाण लावून पाहतात. प्लॉट वाळला की बियाण्याला दोष देऊन तो मोडला जातो. खरे कारण जमिनीतच राहते आणि पुढे तेच नुकसान पुन्हा होते.

संशोधनात मात्र अपयश मुद्दाम घडवून आणतात. मर रोगाची बुरशी भरपूर असलेल्या जमिनीत तुरीचे अनेक वाण पेरले जातात. रोगास बळी पडणारे मरतात, तग धरणारे निवडले जातात. सर्वच झाडे जगली तर निवड करता येत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा बीएसएमआर ७३६ हा मर व वांझ रोगास प्रतिकारक वाण आपल्या परिचयाचा आहेच.

आपला प्लॉट फसल्यास पुढीलप्रमाणे पाहणी करावी.

१) वाळलेल्या झाडाचे खोड उभे चिरावे. आत तपकिरी-काळ्या रेषा दिसल्यास मर रोग समजावा.

२) झाडे फक्त पाणी साचणाऱ्या सखल भागात मेली असल्यास निचरा तपासावा.

३) शेजारी नेहमीच्या वाणाच्या काही ओळी ठेवाव्यात. त्याही वाळल्या तर दोष केवळ नव्या बियाण्याचा नाही.

४) पेरणीची तारीख, मागील पीक व मेलेल्या झाडांची संख्या वहीत लिहावी.

मर आढळल्यास त्या शेतात किमान तीन वर्षे तूर टाळून ज्वारीची फेरपालट करावी. नवा वाण प्रथम एक-दोन गुंठ्यांतच घ्यावा. गुंठ्यातले अपयश नीट समजून घेतले तर एकरातले नुकसान टळते.