बालकर्करोग, जकात आणि सदका-ए-जारिया



प्रत्येक आजारासोबत अल्लाह तआलाने त्याचा उपचारही निर्माण केला आहे, ही पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण सहीह बुखारीत नमूद आहे. तो उपचार शोधून काढणे आणि गरजूपर्यंत पोहोचविणे ही मात्र माणसांवर सोपविलेली जबाबदारी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुले व किशोरवयीन कर्करोगाने आजारी पडतात. संपन्न देशांत त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरे होतात. अनेक गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांहूनही कमी आहे. आजार तोच, अंतर आहे ते वेळेवर निदान, औषध आणि पैसा यांचे. हे अंतर कमी करणे उम्मतच्या हाती आहे.

येथे प्रश्न उद्भवतो : या कार्यासाठी जकात द्यावी की सदका?

सूरह अत-तौबाच्या ६०व्या आयतीत जकातचे आठ हक्कदार निश्चित केले आहेत. फकीर, मिस्कीन आणि कर्जबाजारी त्यांत येतात. म्हणून गरीब रुग्णाच्या उपचारासाठी जकात देता येते. अल्पवयीन मुलाच्या बाबतीत हनफी फिकहनुसार पित्याची ऐपत पाहिली जाते. परंतु लक्षात घ्यावे, मुलांमधील रक्ताच्या कर्करोगाचा उपचार बहुधा दोन ते तीन वर्षे चालतो. काल जो पिता स्वतः जकात देत होता, तो आज कर्जात बुडून तिचा हक्कदार झालेला असू शकतो.

रुग्णालयाची इमारत, यंत्रसामग्री व संशोधन यांचे मात्र तसे नाही. जकात गरजूच्या मालकीची झाली पाहिजे, या अटीमुळे बहुसंख्य फकीह अशा कामांवर जकात खर्च करण्यास अनुमती देत नाहीत. काही समकालीन विद्वानांचे मत भिन्न आहे. अशा कामांसाठी सदका आणि वक्फचे द्वार खुले आहे.

संशोधनाचे मोल पाहा. १९४८ साली बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने पीडित मुलांना औषधाने उतार पडल्याचे प्रसिद्ध केले. तो उतार तात्पुरता होता. पण त्याच वर्षी सुरू झालेल्या लोकवर्गणीने त्यांच्या संशोधनास बळ दिले. पुढील संशोधकांच्या अनेक दशकांच्या परिश्रमातून तात्पुरत्या उताराचे कायमच्या आरोग्यात रूपांतर झाले. मृत्यूनंतरही ज्यांचे पुण्य थांबत नाही, अशा कर्मांत सहीह मुस्लिममधील हदीस सदका-ए-जारिया आणि लाभदायक ज्ञान यांची गणना करते. संशोधनासाठीच्या दानात ही दोन्ही एकत्र येतात.

ही परंपरा आम्हास नवी नाही. कैरो येथे सुलतान कलाऊन यांनी १२८४-८५ मध्ये बीमारिस्तान उभारले. तेथे श्रीमंत-गरीब, स्त्री-पुरुष सर्वांवर उपचार होत आणि खर्च वक्फच्या उत्पन्नातून चाले. त्याच शहरात २००७ साली ‘५७३५७’ हे बालकर्करोग रुग्णालय लोकांच्या लहान-मोठ्या देणग्यांतून सुरू झाले. ज्या बँक खात्यात देणग्या जमा होत, त्याचाच क्रमांक त्याचे नाव बनला. तेथे मुलांवर विनामूल्य उपचार केले जातात.

दान देताना तीन गोष्टींचे भान ठेवावे. पहिली, जकातचा हिशेब वेगळा ठेवला जातो काय, हे संस्थेस निःसंकोच विचारावे. दुसरी, सातत्य. अल्लाहला प्रिय कर्म ते, जे थोडे असले तरी नियमित असते. रमजानमध्ये एकदाच दिलेल्या मोठ्या रकमेने दोन वर्षांचा उपचार पूर्ण होत नाही. दरमहाची छोटी रक्कम तो मध्येच खंडित होऊ देत नाही. तिसरी, प्रतिष्ठा. उपकार बोलून दाखविल्याने व मन दुखविल्याने दान वाया जाते, असा इशारा सूरह अल-बकराच्या २६४व्या आयतीत आहे. केस गळालेल्या मुलाचे छायाचित्र मोबाईलवर सर्वत्र फिरविण्यापूर्वी विचार करावा, की हेच मूल उद्या बरे होऊन समाजात ताठ मानेने वावरणार आहे.

अल्लाह तआला सर्व आजारी बालकांना आरोग्य देवो आणि आमच्या संपत्तीतील त्यांचा हक्क ओळखण्याची सद्बुद्धी आम्हास प्रदान करो. आमीन.